आर्थिक संकटांचा अभ्यास हेच करिअर करायचं तर माणूस दिवसभर नेमकं करतो काय?

कोरीपाटी:
नमस्कार मंडळी. एमए इकॉनॉमिक्सचं शेवटचं वर्ष चालू आहे. गणित-स्टॅट बरं आहे, वाचायची आवड आहे आणि का कोण जाणे पण मला पहिल्यापासून ही संकटं फार खेचतात, म्हणजे १९२९, १९९७ चं आशियाई, २००८, ग्रीस वगैरे. वर्गातले बाकीचे सगळे डेटा सायन्सकडे नाहीतर स्पर्धा परीक्षांकडे निघालेत आणि मी म्हणतोय की मला जागतिक फायनान्स आणि त्यातली संकटं यावरच काम करायचंय. घरचे विचारतात की असं संकट दहा-बारा वर्षांतून एकदा येणार, मग मधल्या काळात तू करणार काय? आणि खरं सांगायचं तर माझ्याकडे उत्तर नाही. टीव्हीवर येऊन बाजार पडणार की चढणार हे सांगणारे अर्थतज्ज्ञ दिसतात पण ते मला करायचं नाहीये. दुसरी शंका अशी की २००८ जर एवढ्या मोठ्या मोठ्या लोकांना दिसलं नाही तर या अभ्यासाचा उपयोग तरी काय? ज्यांनी या क्षेत्रात काम केलंय किंवा जवळून बघितलंय त्यांनी जरा सविस्तर लिहा प्लीज, नुसतं 'पॅशन फॉलो कर' नको.

तळटीप:
बरीच वर्षं कंट्री रिस्क नावाच्या डेस्कवर काढलीत, म्हणजे कुठल्या देशाला किती उधार द्यावं आणि कधी हात आखडता घ्यावा हे सांगायचं काम. त्यामुळे तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी देऊ शकतो, दुसऱ्याचं इतर देतील.

दिवसभर काय करतो तर कोणाचं कोणाला किती देणं आहे, ते कुठल्या चलनात आहे आणि परत कधी करायचंय, हे तीन प्रश्न विचारत बसतो. बस. बाकी सगळं, जीडीपी वाढीचे अंदाज, महागाई, राजकारण, हे आहेच पण ते दुय्यम. देश गरीब असला म्हणून संकट येत नाही आणि श्रीमंत असला म्हणून टळत नाही, पैसा ज्या दिवशी परत मागितला जातो त्या दिवशी हातात काय आहे यावर सगळं ठरतं.

थायलंडचं उदाहरण घे कारण मी नवीन पोरांना नेहमी तेच देतो. १९९७ च्या जूनमध्ये त्यांच्या मध्यवर्ती बँकेची परकीय चलनाची गंगाजळी कागदावर ३० अब्ज डॉलरच्या वर होती. वाचणारा म्हणेल की छान आहे की. पण बाथचा, म्हणजे त्यांच्या चलनाचा, भाव डॉलरला २५ च्या आसपास टिकवून धरण्यासाठी याच बँकेने फॉरवर्ड बाजारात (आज भाव ठरवून पुढच्या तारखेला देणं-घेणं करायचं तो बाजार) सुमारे २३ अब्ज डॉलर पुढच्या तारखांना द्यायचे सौदे करून ठेवले होते. ते डॉलर अजून तिजोरीतच होते म्हणून गंगाजळीत मोजले जात होते, पण ते त्यांचे राहिलेले नव्हते. वजाबाकी कर म्हणजे कळेल. २ जुलैला त्यांनी बाथ सोडून दिला आणि पुढच्या जानेवारीपर्यंत डॉलरला ५० च्या पार गेला, तिकडच्या कंपन्यांनी कर्ज काढलेलं डॉलरमध्ये आणि कमाई बाथमध्ये, त्यामुळे काही न करता कर्ज दुप्पट.

कोरियाचंही तसंच, थोडं वेगळ्या रीतीने. १९९७ च्या नोव्हेंबरअखेर गंगाजळीचा आकडा २४ अब्जांच्या आसपास पण त्यातला मोठा भाग मध्यवर्ती बँकेने स्वतःच्याच देशातल्या बँकांच्या परदेशी शाखांमध्ये ठेवून दिलेला, आणि त्या शाखांनी तो वापरून टाकलेला. म्हणजे मागायला गेलं तर शाखाच बुडणार. हाताशी वापरता येण्यासारखे निम्मेही नव्हते. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं (आयएमएफ) २१ अब्ज डॉलरचं कर्ज मंजूर होऊनही घसरण थांबेना, शेवटी नाताळच्या सुमाराला धनको बँकांना एकत्र बसवून मुदत वाढवायला लावली तेव्हा कुठे श्वास मिळाला.

तर मधल्या शांत वर्षांत हेच करायचं असतं. शांत वर्षांतच करायचं असतं खरं तर, कारण एकदा पळापळ सुरू झाली की आकडे कोणी देत नाही.

बिनव्याजी:
तळटीप साहेब छान लिहिलंत पण एक विचारतो, हे सगळं ३० जूनला किती जणांना माहीत होतं? फॉरवर्डचा आकडा जाहीर झाला ऑगस्टमध्ये, नाणेनिधीचं १७ अब्जांचं पॅकेज ठरताना. तेव्हा बैल गेला आणि झोपा केला असंच हे सगळं शास्त्र आहे.

बाळा कोरीपाटी, तुला घाबरवायचं नाही पण या धंद्याचा इतिहास बघून मग उडी मार. अर्व्हिंग फिशर हा त्याच्या काळातला अमेरिकेतला सगळ्यात मोठा अर्थशास्त्रज्ञ, त्याने ऑक्टोबर १९२९ मध्ये जाहीर सांगितलं की शेअरचे भाव आता कायमच्या उंच पठारावर पोचलेत. काही दिवसांत बाजार कोसळला, स्वतःची सगळी संपत्ती त्यात गेली. १९९८ मध्ये लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट नावाचा फंड बुडायला आला, त्याच्या भागीदारांत आदल्याच वर्षी नोबेल मिळालेले दोघे जण, मर्टन आणि शोल्स. न्यूयॉर्क फेडने (फेड म्हणजे अमेरिकेची मध्यवर्ती बँक, तिची न्यूयॉर्कची शाखा) १४ बँकांना बोलावून साडेतीन अब्ज डॉलरहून जास्त गोळा करायला लावले तेव्हा निभावलं. आणि २००८ च्या नोव्हेंबरात ब्रिटनची राणी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाला गेली, तिथल्या प्राध्यापकांना सरळ विचारलं की एवढं मोठं होतं तर कोणाच्या लक्षात कसं आलं नाही? ब्रिटिश अकादमीला त्याचं पत्ररूपी उत्तर द्यायला पुढच्या वर्षीचा जुलै उजाडला. राणीला काय, आम्हालाही तेच विचारायचंय.

सावकाश:
बिनव्याजी, फिशरची अर्धीच गोष्ट सांगितलीत हो. सगळं गमावल्यावर तो माणूस गप्प बसला नाही, १९३३ मध्ये त्याने कर्ज आणि घसरते भाव एकमेकांना कसे खाली ओढतात यावर निबंध लिहिला, म्हणजे भाव पडले की कर्जाचं ओझं वाढतं, ते फेडायला लोक मालमत्ता विकतात, विक्रीमुळे भाव अजून पडतात. आज मध्यवर्ती बँकांमध्ये जे लोक मंदीला घाबरतात ते मुख्यतः या साखळीला घाबरतात. पण त्या वेळी त्याचं ऐकायला कोणी तयार नव्हतं, एकदा तोंड पोळलेल्या माणसाचं कोण ऐकतो.

कोरीपाटी, मी शिकवते, संशोधन या बाजूचं सांगू शकेन. इथे करिअर म्हणजे सरळ जिना नसतो. चार्ल्स किंडलबर्गरचं बघ. १९१० चा जन्म, न्यूयॉर्क फेडमध्ये काम, मग बाझेलला बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्समध्ये (बीआयएस, मध्यवर्ती बँकांची बँक), युद्ध सुरू झाल्यावर लंडनमध्ये बसून शत्रूच्या कुठल्या कारखान्यावर, कुठल्या पुलावर बॉम्ब टाकला तर जास्त नुकसान होईल याचं गणित करायचं काम (हेही अर्थशास्त्रच, सांगून विश्वास बसत नाही), मग मार्शल प्लॅन (युद्धानंतर युरोप उभा करायची अमेरिकेची मदत योजना), आणि १९४८ मध्ये एमआयटीत शिकवायला. संकटांवरचं त्याचं गाजलेलं लिखाण आलं ते साठी ओलांडल्यावर. त्याचं महामंदीबद्दलचं म्हणणं थोडक्यात असं की १९२९ नंतर जगाला शेवटचा उधार देणारा कोणी उरला नव्हता, ब्रिटनची ऐपत राहिली नव्हती आणि अमेरिकेची इच्छा नव्हती. हे काही समीकरणातून निघालेलं नाही, ज्या खोल्यांमध्ये निर्णय होतात त्यात तो बसलेला होता म्हणून त्याला दिसलं असावं असं मला वाटतं.

दुसरी ॲना श्वार्ट्झ. माझी अतिशय लाडकी. १९४१ मध्ये न्यूयॉर्कच्या नॅशनल ब्युरो ऑफ इकॉनॉमिक रिसर्चमध्ये लागली आणि २०१२ मध्ये ९६ व्या वर्षी गेली तोवर तिथलीच. मिल्टन फ्रीडमनबरोबर अमेरिकेच्या पैशाचा जवळजवळ शंभर वर्षांचा इतिहास लिहिला तो १९६३ मध्ये आला, आणि पीएचडी मिळाली १९६४ मध्ये! आधी ग्रंथ, मग डिग्री. त्या कामाचा बराच मोठा भाग म्हणजे जुन्या बँकांचे अहवाल, ठेवींचे आकडे, चलनात किती नोटा होत्या हे सगळं वर्षानुवर्षं बसून जुळवणं. त्यातून ठामपणे दाखवता आलं की १९२९ ते १९३३ मध्ये अमेरिकेतला पैशाचा पुरवठा सुमारे एक तृतीयांशाने आटला आणि फेड बघत बसली. पुढे बेन बर्नान्की या अर्थशास्त्रज्ञाने १९८३ मध्ये त्यात भर घातली की नुसता पैसा आटला एवढंच नव्हतं, बँका बुडाल्यामुळे कोणाला कर्ज द्यावं हे ओळखण्याची यंत्रणाच मोडली. हाच बर्नान्की २००८ मध्ये फेडचा अध्यक्ष होता. त्याने काय केलं त्यावर भांडायला जागा आहे पण १९३० सारखं हातावर हात ठेवून बसला नाही हे तर कबूल कराल? संकट टाळता आलं नाही म्हणून अभ्यास फुकट, हे मला पटत नाही.

बिनव्याजी:
कबूल. हातावर हात ठेवून बसला नाही, पण २००७ च्या पूर्वार्धात सबप्राइमचा, म्हणजे फेडायची ऐपत कमी असलेल्यांना दिलेल्या घरकर्जांचा, त्रास आटोक्यात राहील असं तोच म्हणत होता ना ताई?

सावकाश:
हो म्हणत होता. म्हणून तर म्हणते की अंदाज वर्तवणं आणि समजून घेणं ही दोन वेगळी कामं आहेत. आणि कोणालाच दिसलं नाही हेही खरं नाही. रघुराम राजन ऑगस्ट २००५ मध्ये जॅक्सन होलच्या, म्हणजे मध्यवर्ती बँकवाल्यांच्या वार्षिक, परिषदेत बोलले, तेव्हा ते नाणेनिधीचे मुख्य अर्थतज्ज्ञ होते. फेडचे तेव्हाचे अध्यक्ष ग्रीनस्पॅन यांच्या निवृत्तीआधीची ती परिषद, सगळा कौतुकाचा सूर, आणि यांचा निबंध असा की फायनान्स क्षेत्रातल्या नव्या गोष्टींमुळे जग कदाचित जास्त धोक्यात आलंय, कारण ज्यांचा बोनस वर्षाच्या परताव्यावर ठरतो ते असा धोका घेणार जो क्वचितच दिसतो पण दिसतो तेव्हा सगळं घेऊन जातो, आणि अशा वेळी बँका एकमेकांनाही उधार देणार नाहीत. सभागृहात जोरदार टीका झाली, अमेरिकेचे माजी अर्थमंत्री लॅरी समर्सनी तर फारच. मुद्दा हा की त्यांनी तारीख सांगितली नव्हती, कुठलं घरकर्ज बुडेल तेही नाही. कमकुवत सांधा कुठे आहे ते सांगितलं.

हायमन मिन्स्की या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाचं तर अजून वाईट. आयुष्यभर एकच सांगत राहिला, की स्थैर्यच अस्थैर्याला जन्म देतं, चांगले दिवस लांबले की आधी लोक व्याज आणि मुद्दल दोन्ही फेडता येईल एवढंच कर्ज काढतात, मग फक्त व्याज भागेल एवढं, आणि शेवटी व्याजसुद्धा नवीन कर्जातून. मुख्य प्रवाहाने त्याला फारसं विचारलं नाही. १९९६ मध्ये गेला. 'मिन्स्की मोमेंट', म्हणजे हा कर्जाचा डोलारा एकदम कोसळतो तो क्षण, हा शब्द आला १९९८ मध्ये, रशियाच्या संकटावर बोलताना, तोही एका बाँड फंडातल्या माणसाने काढलेला, आणि घराघरांत पोचला तो २००७-०८ मध्ये. तेव्हा कोरीपाटी, ताबडतोब शाबासकी हवी असेल तर हे क्षेत्र नको.

रात्रपाळी:
एका मोठ्या बँकेच्या ट्रेझरीत होतो म्हणून थोडं आतलं सांगतो. सगळे म्हणतायत दिसलं का नाही, दिसलं का नाही. अहो दिसतं. आमच्याकडे रिसर्चची जी मंडळी होती त्यांच्या नोट्समध्ये धोक्याचा परिच्छेद कायम असायचा, बहुतेक पान ९ वर. पान १ वर नसायचा कारण ती नोट विकायला लागायची. बँकेतल्या अर्थतज्ज्ञाने दोन वर्षं लवकर सांगितलं तर तो चुकलाच म्हणायचा, कारण दोन वर्षं बाकीच्यांनी कमावलं आणि त्याचं ऐकलं त्या डेस्कने नाही. आमचा एक जण असाच, घरांच्या भावांवर लिहून लिहून थकला, प्रत्येक तिमाहीत त्याला मीटिंगमध्ये हसायचे, शेवटी सोडून गेला आणि वर्षभरातच त्याचं सगळं खरं ठरलं, त्याचं काय, जे हसले ते तिथेच राहिले. त्यामुळे पोरा तू कुठे बसून हे काम करतोस त्यावर तुला काय म्हणता येईल ते ठरणार, हे आधीच समजून घे. बँकेत पगार जास्त आणि तोंड बंद, नाणेनिधीत प्रत्येक वाक्याला चार खात्यांची मंजुरी आणि वर ज्या देशाबद्दल लिहायचं त्या सरकारचं म्हणणं, विद्यापीठात तोंड मोकळं पण बातमी सगळ्यात उशिरा कळणार.

कोरीपाटी:
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. सावकाश ताई, मिन्स्कीबद्दल फक्त नाव ऐकलं होतं. आता दोन प्रश्न. एक, पीएचडीशिवाय यात शिरता येतं का? दोन, शिकायचं काय, इकॉनोमेट्रिक्स आणि मॉडेलिंग की इतिहास? आमच्याकडे सर म्हणतात मॉडेल येत नसेल तर दारातही उभं करणार नाहीत.

तळटीप:
सर बरोबर सांगतात, पण अर्धंच. दारात उभं राहायला मॉडेल लागतं. आत गेल्यावर मात्र पोरं कुठे अडकतात सांगू? ताळेबंद वाचता येत नाही. एमएला हिशेब शिकवत नाहीत आणि संकटं सगळी हिशेबात लपलेली असतात. कॉमर्सवाल्या मित्राकडून पुस्तक घे आणि बँकेचा ताळेबंद कसा असतो ते शिक, लाज बाळगू नको.

मार्च २०२३ मधली सिलिकॉन व्हॅली बँक आठव. ९ मार्चला एका दिवसात ठेवीदारांनी ४२ अब्ज डॉलर काढले, १० तारखेला बँक बंद. सगळीकडे बोंब की अचानक झालं. अचानक कसलं, फेब्रुवारीत आलेल्या त्यांच्या वार्षिक अहवालात छापलं होतं. मुदतपूर्तीपर्यंत ठेवायचे म्हणून दाखवलेले रोखे ९१ अब्ज डॉलरचे आणि त्यांचा बाजारभाव ७६ अब्ज. व्याजदर वाढले की जुन्या रोख्यांचे भाव पडतात, हे पहिल्या वर्षाला शिकवतात. पण 'मुदतपूर्तीपर्यंत ठेवणार' असं लिहिलं की हा तोटा नफा-तोट्यात दाखवायला लागत नाही. १५ अब्जांचा खड्डा आणि बँकेचं स्वतःचं भांडवल १६ अब्जांच्या आसपास. म्हणजे ठेवीदार शांत बसले आहेत तोवरच बँक जिवंत, आणि ठेवीदार कोण तर बहुतेक एकमेकांना ओळखणाऱ्या स्टार्टअप कंपन्या, त्यातही बहुतांश ठेवी विम्याच्या अडीच लाख डॉलरच्या मर्यादेबाहेरच्या. याला कसलं मॉडेल लागतं? वजाबाकी लागते.

आता बिनव्याजी म्हणतील की मग तू आधी का नाही सांगितलं. अहो काही विश्लेषकांनी आणि शेअर पडण्यावर पैज लावणाऱ्यांनी सांगितलंही होतं. आणि सांगितलं तरी कुठल्या गुरुवारी ४२ अब्ज निघतील हे कोणीच सांगू शकत नाही, ते माणसांच्या घाबरण्यावर आहे.

बिनव्याजी:
म्हणणारच होतो 😄
पण एक्सेलवर एवढा भरवसा ठेवू नका, तिथेही नोबेलच्या तोडीची मंडळी आपटली आहेत. राइनहार्ट आणि रोगॉफचं प्रकरण सांगा पोराला.

सावकाश:
सांगते, कारण ते प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत पाहिजे. कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ, दोघंही या क्षेत्रातली वजनदार माणसं. ती आधी वॉल स्ट्रीटवर, मग नाणेनिधीत, प्राध्यापकी, पुढे जागतिक बँकेची मुख्य अर्थतज्ज्ञ. तो नाणेनिधीचा माजी मुख्य अर्थतज्ज्ञ आणि शिवाय बुद्धिबळातला ग्रँडमास्टर. यांनी शेकडो वर्षांच्या कर्जबुडवेगिरीचे आकडे गोळा केले, ते काम आजही पायाभूत आहे. पण २०१० मध्ये एका छोट्या निबंधात त्यांनी म्हटलं की सरकारी कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांवर गेलं की प्रगत देशांची सरासरी वाढ शून्याखाली, उणे ०.१ टक्का. युरोपात काटकसर लादायला निघालेल्या राजकारण्यांना हे आयतंच मिळालं.

मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात थॉमस हर्नडन म्हणून विद्यार्थी होता, त्याला अभ्यासक्रमाचा भाग म्हणून एखाद्या छापील निबंधाचे आकडे पुन्हा करून बघायचे होते. त्याला ते जमेचनात. शेवटी लेखकांकडून फाइल मागवली, त्यांनी ती दिली (हे त्यांच्या बाजूने लक्षात ठेवण्यासारखं आहे), आणि त्यात सरासरीचं सूत्र ३० ते ४९ ओळींऐवजी ३० ते ४४ एवढंच ओढलेलं. शेवटचे पाच देश बाहेर. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा, डेन्मार्क. २०१३ मध्ये त्याने आपल्या दोन प्राध्यापकांबरोबर हे जाहीर केलं तेव्हा दुरुस्त सरासरी आली अधिक २.२ टक्के.

गाजलं ते एक्सेल, पण खरा घोळ तिथे नव्हता. सूत्राच्या चुकीने फरक पडला तो थोडाच. मोठा फरक पडला तो देशांना वजन कसं दिलं त्यामुळे. न्यूझीलंडचं त्या गटात एकच वर्ष मोजलं, १९५१, वाढ उणे ७.६. ब्रिटनची १९ वर्षं, सरासरी २.४. दोघांना सारखंच वजन! एक वर्ष आणि एकोणीस वर्षं तराजूत बरोबरीला. आता याला चूक म्हणायचं की पद्धतीची निवड यावर अजून वाद घालता येतो, लेखकांचं म्हणणं होतं की जास्त कर्ज आणि कमी वाढ यांचा संबंध तरीही दिसतोच. असेल. पण ९० चा उंबरठा काही उरला नाही.

पीएचडीबद्दल: नाणेनिधी, जागतिक बँक, मोठ्या मध्यवर्ती बँकांचे संशोधन विभाग, इथे अर्थतज्ज्ञ म्हणून पुढे जायला पीएचडी जवळजवळ लागतेच. पण शिरायला रिसर्च असिस्टंटच्या जागा असतात, मास्टर्सवर मिळतात, दोन-तीन वर्षं दुसऱ्याचा डेटा साफ करायचा. कंटाळवाणं वाटेल, पण ॲना श्वार्ट्झ त्यातूनच वर आली. रेटिंग एजन्सी आणि बँकांची कंट्री रिस्क खाती मास्टर्सवर घेतात. आणि मॉडेल की इतिहास हा प्रश्न मला मान्यच नाही. २०२२ चं नोबेल बर्नान्कीबरोबर डायमंड आणि डिबविगला मिळालं, त्या दोघांचं १९८३ चं मॉडेल गणितात दाखवतं की चांगली बँकसुद्धा केवळ इतर लोक पैसे काढतील या भीतीने बुडू शकते. आणि बर्नान्कीने तेच जुने अहवाल चाळून दाखवलं. दोन्ही लागतं गं बाई, नाही, रे बाबा.

रात्रपाळी:
नाणेनिधीच्या नोकरीबद्दल एक भर घालतो, माझी मैत्रीण तिथे आहे. बाहेरून वाटतं की आग लागलेल्या देशात उडी मारून जायचं. प्रत्यक्षात बहुतेक वर्षं कलम ४ च्या सल्लामसलतीत जातात, म्हणजे साधारण दरवर्षी प्रत्येक सदस्य देशाची तपासणी. दोन आठवडे त्या देशात, सकाळी अर्थखातं, दुपारी मध्यवर्ती बँक, रात्री हॉटेलवर बसून फाइलींमधले आकडे जुळवायचे, अर्थखात्याची तूट आणि मध्यवर्ती बँकेने सरकारला दिलेलं कर्ज जुळत नाहीये म्हणून सकाळी परत तेच विचारायचं. ती म्हणते की समोरचा अधिकारी ज्या आकड्यावर नजर चुकवतो तिथे थांबायचं. आणि संकटातल्या देशात गेलात तर विमानतळावर फुलं नसतात, मोर्चे असतात. ते झेपायला पाहिजे, कारण तू लिहिलेल्या टक्केवारीवर तिथल्या कोणाची तरी पेन्शन कापली जाते. ग्रीसनंतर २०१३ च्या जानेवारीत नाणेनिधीच्याच ब्लँशार आणि ली यांनी मांडलं की खर्चकपातीने अर्थव्यवस्था किती आकसेल याचा अंदाज युरोपात कमी धरला गेला होता. संस्थेतूनच हे बाहेर आलं हे बरंच झालं, पण तोवर कपात होऊन गेली होती.

आणि तळटीपकाका, बँकांच्या ताळेबंदावर थांबू नका. सप्टेंबर २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये जे झालं ते बँकांमध्ये नव्हतंच, पेन्शन फंडांमध्ये होतं. सगळ्यात सुस्त, सगळ्यात सुरक्षित समजले जाणारे. त्यांनी सरकारी रोखे तारण ठेवून उधारीवर सौदे केलेले, रोख्यांचे भाव पडले तसं अजून तारण द्या म्हणून मागणी आली, ते द्यायला रोखेच विकले, मग भाव अजून पडले. बँक ऑफ इंग्लंडने २८ सप्टेंबरला ६५ अब्ज पौंडांपर्यंत खरेदी करू असं जाहीर केलं, प्रत्यक्षात १९ अब्जांच्या आसपास घ्यायला लागले आणि बाजार शांत. सावकाश ताईंनी सांगितलेली फिशरची साखळीच की ही, फक्त आठवड्याभरात.

कोरीपाटी:
हे सगळं सेव्ह करून ठेवतोय. तळटीपकाका, एक शेवटचा प्रश्न, सराव कशावर करू? आणि बीआयएसच्या साइटवर बँकिंगच्या आकड्यांचे दोन संच दिसतात, एक लोकेशनल आणि एक कन्सॉलिडेटेड. दोन्हीत आकडे वेगळे आहेत, मला वाटलं डाउनलोडच चुकलं.

तळटीप:
डाउनलोड बरोबर आहे, आणि प्रश्न एकदम योग्य विचारलास. लोकेशनल म्हणजे बँकेचं ऑफिस कुठे आहे त्यावरून मोजायचं. जर्मन बँकेच्या केमन बेटांवरच्या शाखेने दिलेलं कर्ज केमनच्या खात्यात. कन्सॉलिडेटेड म्हणजे मालक कुठला त्यावरून, तेच कर्ज जर्मनीच्या खात्यात. पैसा कुठून कुठे वाहतोय ते पहिल्यात कळतं, बुडाला तर कोणाच्या गळ्याशी येणार ते दुसऱ्यात.

हा फरक का महत्त्वाचा ते २००८ वरच बघ. संकटाआधी बहुतेक सगळे चीनची शिल्लक आणि अमेरिकेची तूट यावर लिहीत होते, म्हणजे कुठला देश निव्वळ किती देतो आणि घेतो. त्या हिशेबात युरोप आणि अमेरिका यांच्यामध्ये काही फार मोठं दिसत नव्हतं. पण युरोपातल्या बँका अमेरिकेतल्या मनी मार्केट फंडांकडून (लोकांचे पैसे घेऊन थोड्या मुदतीला उधार देणारे फंड) थोड्या मुदतीचे डॉलर उधार घेत होत्या आणि तेच डॉलर अमेरिकेतल्याच घरकर्जांच्या रोख्यांत दीर्घ मुदतीला घालत होत्या. जाणारा आणि येणारा पैसा सारखाच, त्यामुळे निव्वळ शून्याजवळ, पण दोन्ही बाजू एकेकट्या धरल्या तर अवाढव्य. ९ ऑगस्ट २००७ ला एका फ्रेंच बँकेने तीन फंडांतून पैसे काढणं थांबवलं तेव्हा याचा पहिला आवाज आला. सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स ही अमेरिकन गुंतवणूक बँक पडल्यावर मनी मार्केट फंडांतूनच लोक पळाले आणि युरोपियन बँकांना डॉलर मिळेनात, आणि युरोपची मध्यवर्ती बँक डॉलर छापू शकत नाही. म्हणून फेडने डिसेंबर २००७ पासून इतर मध्यवर्ती बँकांना स्वॅपमधून, म्हणजे त्यांचं चलन ठेवून घेऊन ठराविक मुदतीसाठी, डॉलर द्यायला सुरुवात केली होती ती वाढत वाढत १४ बँकांपर्यंत गेली, २००८ च्या अखेरीस ५८० अब्जांच्या वर बाहेर होते. बीआयएसचे लोक आणि नंतर ह्युन साँग शिन या अर्थशास्त्रज्ञाने हे सगळं याच दोन संचांमधून उलगडून दाखवलं.

तर सराव हाच कर. दोन्ही संच उघड, फुकट आहेत. तारीख घाल जून १९९७ आणि देश थायलंड. परदेशी बँकांना एकूण किती देणं होतं, त्यातलं वर्षाच्या आत फेडायचं किती आणि ते त्या वेळच्या गंगाजळीच्या किती पट, एवढं काढ. मुदतीचं वर्गीकरण कन्सॉलिडेटेडमध्ये मिळेल. मग फॉरवर्डचे २३ अब्ज वजा करून परत बघ. जमलं तर हेच कोरियासाठी डिसेंबरचं आणि मग आज जो देश तुला संशयास्पद वाटतो त्याचं. आकडे इथे टाक, बिनव्याजी चुका काढतील.

बिनव्याजी:
काढणारच. आणि सूत्र कुठल्या ओळीपर्यंत ओढलंय ते पण टाक सोबत.